तसलं काही नाही ना?

आमच्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरचाचांनी मला लहानपणापासून तपासलंय. गोवर, टायफॉइड, दहावीच्या परीक्षेआधीची कावीळ, सगळं त्यांच्याच हाताखालून गेलं. दादी शेवटच्या आजारात होती तेव्हा ते रात्री दोन वाजता स्कूटरवरून घरी आले होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत सांगली-मिरजेची मोठी हॉस्पिटलं भरली होती, तेव्हाही त्यांनी दवाखाना बंद ठेवला नाही. गरिबाकडून पैसे घेत नाहीत आणि घेतले तरी वहीत लिहून विसरतात. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते त्यांच्यावरची तक्रार म्हणून वाचू नका. थोडी तक्रार आहे, पण ती एकट्या त्यांच्याबद्दल नाही.

२०१९ साली माझा निकाह ठरला. तेव्हा मी पुण्यात एका आयटी कंपनीत होतो. पुण्यात आल्यावर दोन वर्षं माझे एका मैत्रिणीशी संबंध होते, ते नंतर संपले. (हे एक वाक्य लिहायला मला तीन ड्राफ्ट लागले. इथे लिहिण्याआधी बायकोला वाचून दाखवलं आहे आणि तिने हो म्हटलं आहे.) निकाहच्या आधी आपली रक्ततपासणी करून घ्यावी असं मला वाटलं. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी. त्रास काहीच नव्हता. पण त्रास नाही म्हणजे आजार नाही असं नसतं, एवढं वाचून माहीत होतं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा डॉक्टरचाचांकडे गेलो आणि सांगितलं, लग्नाआधी सगळ्या टेस्ट करायच्या आहेत, चिठ्ठी लिहून द्या.

ते हसले. म्हणाले, "तेरेकू कायकू रे ये सब? अच्छे घर का छोरा है तू. वैसा कुछ नै ना?"

मी म्हटलं, "नै चाचा."

दुसरं काय म्हणणार होतो? पडद्याच्या पलीकडे बाकावर आमच्याच गल्लीतली चार माणसं बसली होती आणि गोळ्या बांधून देणारा कंपाउंडर माझ्या शाळेत दोन वर्षं पुढे होता. चाचांनी सीबीसी आणि शुगर लिहून दिली. पुढच्या जुम्म्याला मशिदीबाहेर त्यांनी अब्बांना गाठलं. पोरगा जरा टेन्शनमध्ये दिसतो, शादीच्या आधी बोलून घ्या, असं म्हणाले. त्यांच्या मते ती काळजी होती. अब्बा दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी गच्चीवर आले, बराच वेळ टाकीतलं पाणी बघत उभे राहिले आणि विचारलं, "कुछ है क्या?" त्यांनाही मी नाही म्हणूनच सांगितलं.

"वैसा कुछ नै ना?" मराठीत हाच प्रश्न "तसलं काही नाही ना?" असा येतो. मी फॉर्म बनवणाऱ्या धंद्यात आहे, म्हणून मला तो लगेच ओळखू येतो. उत्तर आधीच भरून ठेवलेला फॉर्म आहे हा. समोरच्याने फक्त सबमिट दाबायचं. आणि "तसलं" म्हणजे नेमकं काय, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. डॉक्टर विचारतोय आजाराबद्दल, पेशंटला ऐकू येतं चारित्र्याबद्दल. चांगल्या घरातला मुलगा एका शब्दात नाही म्हणतो आणि प्रकरण मिटतं.

दुसरा असाच प्रश्न "लग्न झालंय का?" बाईला ओटीपोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, तर पहिला प्रश्न हाच. झालं असेल तर पुढची सगळी चौकशी मूल कधी यावर. झालं नसेल तर "तसलं काही नाही ना". यातून शरीरसंबंधाबद्दल एकही खरी माहिती डॉक्टरच्या हाती लागत नाही. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याकडून संसर्ग होऊ शकतो, हा विचार तर त्या प्रश्नात कुठेच बसत नाही.

मी शेवटी सांगलीच्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत गेलो. पूर्ण नाव एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, पण रिक्षावाल्यापासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे आयसीटीसीच म्हणतात. तिथली समुपदेशक माझ्या आपाच्या वयाची असेल. तिने दार लावलं. दार लावणं ही माझ्यासाठी बातमी होती. मग सरळ विचारलं: संबंध कधी आले होते, शेवटचे कधी, कंडोम वापरला होता का, कधी न वापरता झालं का, जोडीदार स्त्री होती की पुरुष. आवाज असा की रेशनकार्डाचा नंबर विचारतेय. मला आश्चर्य वाटलं ते माझंच. मी सगळं खरं सांगितलं. डॉक्टरचाचांना तीस वर्षांच्या ओळखीत जे सांगता आलं नाही ते या बाईंना पाच मिनिटांत सांगून मोकळा झालो.

मग तिने सांगितलं की संसर्ग झाल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत मधे काही आठवडे जातात, त्यामुळे घाईने केलेली टेस्ट खोटा दिलासा देऊ शकते. तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. माझ्या बाबतीत तेवढा काळ केव्हाच उलटून गेला होता. टेस्ट पॉझिटिव्ह निघाली तर एका किटवर कोणी निकाल सांगत नाही, वेगवेगळ्या तीन किटवर तपासतात. औषध सरकारी केंद्रावर फुकट मिळतं आणि ते रोज नीट घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली आला की जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगची डिग्री असून नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एचआयव्हीची पुरेशी माहिती असलेल्या स्त्रिया देशात सुमारे २२ टक्के आणि पुरुष सुमारे ३१ टक्के निघाले. म्हणजे मी बहुमतात होतो.

निकाल निगेटिव्ह आला. हिपॅटायटिस बी बाहेरच्या लॅबमध्ये केली, तीही निगेटिव्ह, पण लस घेतलेली नाही हे त्या निमित्ताने कळलं. ती तीन डोसांची असते, सहा महिन्यांत पूर्ण होते. माझ्या वयाच्या अनेकांना लहानपणी ती मिळालेली नाही. कुठल्याही फॅमिली डॉक्टरला लग्न ठरलेल्या मुलाला ही लस सुचवायला काय हरकत आहे? तिच्यात तर चारित्र्याचा प्रश्नही येत नाही.

होणाऱ्या बायकोला मी फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि माझी टेस्ट?" मी म्हटलं तुझी कशाला. बोलून गेलो आणि लक्षात आलं की मी आत्ता डॉक्टरचाचांचंच वाक्य बोललो.

ती तिच्या इचलकरंजीच्या फॅमिली डॉक्टरकडे गेली. तिथे तर तिला तसलं काही नाही ना इतकाही मान मिळाला नाही. मुलीच्या जातीने असलं विचारू नये, सासरी कळलं तर काय म्हणतील, असं ऐकून ती परत आली. मग तीही आयसीटीसीतच गेली, बहिणीला सोबत घेऊन.

आपल्याकडे बाईची पहिली एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी बहुतेक वेळा ती गरोदर राहिल्यावर होते. ही तपासणी आवश्यकच आहे. आईचा सिफिलिस वेळेत सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो आणि बाळ वाचतं. एचआयव्ही सापडला तर औषधाने बाळाला होणारी लागण बहुतांशी टाळता येते. पण या क्रमाचा एक परिणाम आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही. घरात सगळ्यात आधी रिपोर्ट येतो तो सुनेचा. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. त्यामुळे पॉझिटिव्ह निघाली तर आजार "तिने आणला". नवऱ्याकडूनच आला असला तरी कागदावर पहिलं नाव तिचं असतं, आणि मोहल्ल्यात कागद कोण बघतो, पहिलं नाव तेवढं लक्षात राहतं. माझ्या बायकोच्या गरोदरपणात चिठ्ठीवर फक्त तिचं नाव होतं. मी नर्सला म्हटलं, माझंही रक्त घ्या. ती हसली. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, बसा. तिने घेतलं, पण माझ्याआधी किती नवरे स्वतःहून बसले असतील, हे मी तिला विचारलं नाही.

आता एक गंमत बघा. आपल्या समाजातल्या पुरुषांना या तपासण्या नव्या नाहीत. माझा मामेभाऊ कतारला आहे. आखाती देशांच्या व्हिसासाठी जी मेडिकल होते तिच्यात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस हे सगळं बघतात. सांगलीपासून रत्नागिरीपर्यंत हजारो घरांतल्या पुरुषांनी हे रक्त दिलंय आणि कोणाच्याही अब्रूला धक्का लागलेला नाही, कारण रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचंच घेतात. ईद-ए-मिलादला तरुण मंडळी रक्तदान शिबिर भरवतात. त्या प्रत्येक बाटलीचीही एचआयव्ही, दोन्ही हिपॅटायटिस, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. तिथे कोणी म्हणत नाही की माझ्या चारित्र्यावर संशय घेतला. म्हणजे लाज टेस्टची नाहीच. लाज आहे ती मला एकट्याला का विचारलं याची. डॉक्टरने सगळ्यांना विचारलं तर कोणालाच विचारल्यासारखं होत नाही.

अर्थात आखाताच्या मेडिकलमध्येही समुपदेशनाची बाजू लंगडीच. कागदावर फिट किंवा अनफिट. अनफिट आलेला माणूस कर्ज काढून दिलेल्या एजंटच्या पैशांचं दुःख करत गावी परत येतो. आपल्याला नेमकं काय झालंय, बायकोला सांगायचं का, कुठे जायचं, हे समजावून सांगणारं कोणी नसतं. तो जातो डॉक्टरचाचांकडेच. नाहीतर एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीवर ज्याची जाहिरात रंगवलेली असते त्याच्याकडे. गुप्तरोगावर हमखास इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंती वाचल्या तर असं वाटत नाही. तरुण मुलं तिथे "कमजोरी" आणि "धात" म्हणून जातात, हजारो रुपयांची पावडर आणतात. त्यातल्या बहुतेकांना काहीच झालेलं नसतं, कोणीतरी शांतपणे एवढंच सांगायला हवं असतं. ते सांगण्याची जागा फॅमिली डॉक्टरची होती. ती रिकामी राहिली म्हणून भिंत बोलायला लागली.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले. आणि ज्या सांगलीची मी गोष्ट सांगतोय तिथे नव्वदच्या दशकापासून 'संग्राम' संस्थेबरोबर वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी कंडोम वाटण्याचं आणि एकमेकींना समजावण्याचं काम केलं, उघड नावाने. ज्यांना आपण "तसल्या" म्हणतो त्या बायकांना या विषयात आमच्या मोहल्ल्यातल्या पदवीधरांपेक्षा जास्त कळतं, हे कबूल करायला जड जातं, पण खरं आहे.

आमच्यात एक हरकत हमखास येते, हयेची. परद्यातल्या बाईला असं कसं विचारणार? मला यावर आलिम मंडळींशी वाद घालायचा नाही, माझा तो अभ्यास नाही. पण मदरशात शिकलेलं कोणीही सांगेल की मदिनेच्या अन्सार स्त्रिया शरीराबद्दलचे प्रश्न थेट पैगंबरांना विचारत असत आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालेलं आहे. हया म्हणजे दार लावून, एकांतात, नीट शब्दांत विचारणं. पडद्याच्या अलीकडून पलीकडे ऐकू जाईल असं "तसलं काही नाही ना" विचारण्यात कसली आलीय हया?

डॉक्टरांची बाजूही खोटी नाही. संध्याकाळी साठ पेशंट, एक खोली, पन्नास-शंभर रुपये फी. अभ्यासक्रमात हा विषय पुस्तकापुरता, आणि बोलायचं कसं ते कोणी शिकवलेलं नाही. शब्दही नाहीत. "लैंगिक" शब्द आमच्याकडे पेपरात असतो, तोंडात नसतो. "गुप्तरोग" म्हटलं की निम्मी शिक्षा तिथेच झाली. त्यात भीती, की विचारलं तर पेशंट तुटेल. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवण्याचं बंधन, त्यामुळे डॉक्टरला न विचारलेलंच बरं वाटतं. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर तिचं नाव उघड न करता कळवता येईल. मोहल्ल्यातल्या दवाखान्यात ही बातमी पोचलेली मला दिसली नाही.

पण न विचारण्याचीही किंमत आहे, आणि ती पेशंट भरतो. माझ्या एका भाबींना दोन वर्षांत पाच वेळा पांढऱ्या पाण्याचा तोच गोळ्यांचा कोर्स दिला गेला. दर वेळी थोडं बरं, पुन्हा तेच. आमच्या कामात याला म्हणतात लक्षणावर पॅच मारणं. चूक वरच्या सिस्टिममध्ये आहे आणि आपण खालचा स्क्रीन दुरुस्त करतोय. सहाव्या वेळी त्या मिरजेच्या एका बाई डॉक्टरकडे गेल्या. तिने आतून तपासलं, स्राव लॅबला पाठवला आणि विचारलं, नवऱ्याने कधी औषध घेतलं का? कोणीच घेतलं नव्हतं. ट्रायकोमोनास नावाचा जंतू निघाला. तो संबंधातून पसरतो, पुरुषाला बहुतेक वेळा जाणवतही नाही, आणि दोघांनी एकाच वेळी औषध घेतलं नाही तर परत परत येतो. एका आठवड्यात दोघं बरे. सगळ्याच पांढऱ्या पाण्याचं कारण संबंध नसतं, हेही सांगायला हवं. बरंचसं नैसर्गिक असतं, बऱ्याचदा साधी बुरशी असते. पण विचारल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय कुठलं काय ते कळणार कसं? भाबींनी दोन वर्षं स्वतःलाच घाण समजण्यात काढली.

कायदा या बाबतीत आपल्या दवाखान्यांच्या पुढे आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पेशंटला समजावून, त्याची संमती घेऊनच एचआयव्हीची तपासणी करायची, निकालानंतर पुन्हा बोलायचं आणि निकाल गुप्त ठेवायचा, असं तो सांगतो. जोडीदाराला धोका असेल तर कळवण्याची वाट त्यात आहे, तीही आधी पेशंटशी बोलून, आणि कळवल्याने बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढलं जाईल अशी भीती असेल तर मुळीच न कळवण्याच्या अटीवर. मशिदीबाहेर वडिलांना सांगण्याची वाट त्यात कुठेही नाही. ऑपरेशनआधी न सांगता एचआयव्ही करून टाकणारे आणि मागितली तरी न करणारे, दोन्ही प्रकारचे डॉक्टर मी पाहिलेत. दोघांनीही पेशंटशी बोलणंच टाळलेलं असतं.

डॉक्टरचाचांनी समुपदेशक व्हावं असं माझं म्हणणं नाही. सोबत आलेल्याला दोन मिनिटं बाहेर बसवावं, "तसलं" हा शब्द सोडून द्यावा, सगळ्यांना त्याच सुरात विचारावं आणि पुढचं आयसीटीसीवर किंवा सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकवर सोपवावं. कंडोम फाटला म्हणून घाबरलेला पोरगा आला तर त्याला लेक्चर न देता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठवावं, कारण एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. आणि चिठ्ठीवर नवरा-बायको दोघांची नावं लिहावीत.

गेल्या बकरी ईदला गेलो तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. गच्चीवरची ती संध्याकाळही सांगितली. ते ऐकत राहिले, चष्मा पुसत. म्हणाले, "मैं तो भले के लिए बोला था रे." मी म्हटलं, मालूम है चाचा. मग मी नेलेला कागद दिला. त्यावर चार प्रश्न होते, मराठीत आणि उर्दूत, बायकोच्या अक्षरात. खाली आयसीटीसीचा पत्ता आणि १०९७ हा फुकट हेल्पलाइनचा नंबर. त्यांनी दोनदा वाचला. एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, ये लफ्ज औरतों के सामने चलेगा? मी म्हटलं, लिहिलंय तुमच्या सुनेनेच.

त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला, औषध कंपनीच्या कॅलेंडरशेजारी. अक्षरं त्यांच्या बाजूला ठेवली, पेशंटला उलटी दिसतील अशी. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं आणि कंपाउंडरने पुढचा नंबर पुकारला.

परवा अम्मीचा फोन होता. ती बीपी दाखवायला गेली होती. मी विचारलं, काचेखाली तो कागद आहे का अजून? ती म्हणाली, "है ना. लेकिन उसके ऊपर रजिस्टर रखते."

रमजानमध्ये जाईन तेव्हा बघतो.